कानकाकांचा केर

रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना सगळे कानकाका म्हणत, आणि हे नाव त्यांना शोभतं याबद्दल शिपायापासून साहेबांपर्यंत कुणाचंही दुमत नव्हतं. जिन्यावरच्या पावलांवरून ते माणूस ओळखत. पंखा कुरकुरायच्या आधीच सांगत की हा आता कुरकुरणार. निवेदिका तोंडात गोळी ठेवून माईकसमोर बसली, तर काचेपलीकडून नुसतं बोट दाखवून तिला ती काढायला लावत. असे कान मिळाले की माणसाला थोडा तोराही येतो. तो काकांनाही आला होता, पण काम चोख असल्यामुळे लोक चालवून घेत.

आवाज स्वच्छ हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. खोकला, खाकरणं, खुर्चीची करकर, किल्ल्यांचा खुळखुळाट, कुणाचं पोर किरकिरलं तर ती किरकिर, सगळं ते बारकाईने कापून काढत. पूर्वी टेपचे कापलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात जात. पुढे संगणक आला, डबा गेला, पण टाकून द्यायला काकांचा हात काही होईना. संगणकात त्यांनी एक कप्पा केला, त्याला नाव दिलं 'केर', आणि कापलेलं सगळं त्यात साठवू लागले. उद्या लागलं तर असावं, असं ते म्हणत. आजवर कधी लागलं नव्हतं.

आता त्यांच्या घरचं सांगायला हवं. काकू दर रविवारी चर्चला जात आणि एकट्याच जात. काकांची श्रद्धा उडाली होती अशातला भाग नाही. चर्चमधल्या ऑर्गनची एक पट्टी उतरलेली होती. ती वाजली की बाकी दोनशे माणसं खुशाल गात राहत आणि काकांच्या दाढेत कळ येई. त्यात शेजारी काकू. काकूंचा आवाज खणखणीत, गाणार छाती भरून, आणि सुराची नि त्यांची भेट व्हायची ती लांबच्या नातेवाइकांसारखी, कधीमधी. लग्नानंतर बरीच वर्षं काका त्यांच्या शेजारी बसून कोपराने ढोसत, काकू सुरावर येत, पुढच्या ओळीला पुन्हा भरकटत. शेवटी काकांनी रविवारी सकाळचं काम मागून घेतलं. काकू दुसऱ्या बाकावर बसत आणि बाजूला आपली पर्स ठेवत.

मुलांचा कार्यक्रम करायची ती ताई. वयाने काकांच्या लेकीएवढी, पण कामात त्यांनाही हुकूम सोडणारी. तिला एका मुलाने फोनवर विचारलं होतं, माझा मित्र शुक्रवारी दुपारी कुठे जातो? तिने उत्तर दिलं, पण प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. एका बाकावर बसणारी, एकमेकांच्या डब्यातलं खाणारी पोरं, आणि शेजारचा आपल्या देवाशी काय बोलतो याचा त्यांना पत्ता नाही. मग तिने मालिका आखली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जगातल्या मोठ्या धर्मांची ओळख करून द्यायची, दर आठवड्याला एक: हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, ज्यू. साहेबांना विषय नाजूक वाटला. त्यांनी होकार दिला, पण अट घातली की आधी एखाद्या वर्गाला ऐकवा. पोरं शेवटपर्यंत बसली तर ठीक, नाहीतर ती वेळ प्रश्नमंजूषेला जाईल. प्रश्नमंजूषेचं नाव निघालं की ताईच्या कपाळाला आठ्या पडत.

काका यंत्र खांद्याला लावून सगळीकडे जाऊन आले. आधी रीतसर परवानगी घेतली. जिथे पायातलं काढायचं तिथे काढलं, जिथे डोकं झाकायचं तिथे रुमाल बांधला. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये विश्रांतीच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत, म्हणून तिथे ते आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी गेले. मंदिरात तर दोनदा गेले. सकाळच्या गर्दीतलं मुद्रण त्यांना पसंत पडलं नाही, म्हणून भर दुपारी, चिटपाखरूही नसताना, घंटेचा एकच सणसणीत ठोका घेऊन आले.

चर्चची पाळी आली तो दिवस काकूंसाठी मोठा होता. इतक्या वर्षांनी नवरा चर्चमध्ये आला होता. मागे कानाला यंत्र लावून उभा का असेना. काकांनी एक माईक पुढे, तयारीच्या गायकांसमोर ठेवला आणि दुसरा बाकांवर टांगला. काकू त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट जोराने गायल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी सगळ्या बाकाला सांगितलं की आपण रेडिओवर येणार. संध्याकाळपर्यंत धाकट्या बहिणीला कळलं. मग शेजारणीला, भाजीवाल्याला, आणि दाताच्या डॉक्टरलाही, तेही तोंडात कापूस असताना.

काकांनी काय केलं म्हणाल, तर पुढचा माईक ठेवला आणि बाकांवरचा आख्खा उचलून केरात टाकला. तसं करताना त्यांना वाईट वाटलं. काकू उद्या बहिणीला शेजारी बसवून रेडिओ लावतील आणि त्यात आपल्याला शोधत राहतील, हे त्यांना दिसत होतं. पण तो आवाज होता तसा गेला, तर ऐकणारे हसतील हेही दिसत होतं. आणि आपल्या बायकोला सगळं गाव हसलेलं त्यांना खपणार नव्हतं.

वर्गाला ऐकवायचा दिवस आला. तिसरीचा वर्ग, भिंतीवर नकाशे, खिडकीत उगवत घातलेली कडधान्यं. वर्गाच्या बाईंनी पोरांना हाताची घडी घालायला लावली आणि ताईने मालिकेतले निवडक तुकडे लावले. ताईचं निवेदन गोड होतं, माहिती बिनचूक होती, आवाज काचेसारखे लख्ख होते. अजान झाली, घंटेचा ठोका झाला, गायकांचं गाणं झालं. पोरं आधी चुळबुळली, मग एकाने दुसऱ्याच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहायला घेतलं, आणि थोड्याच वेळात मागची रांग उघड उघड जांभया देऊ लागली.

पुढच्या बाकावर एक मुलगी होती. तिचे समोरचे दोन दात पडले होते, म्हणून वर्गात तिला खिडकी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिने हात वर केला आणि विचारलं, "तिथे कुणी येत नाही का?"

ताईला कळेना. तिथे म्हणजे कुठे?

"सगळीकडेच. देव एकटाच बसलेला असतो का?"

बाईंनी तिला खाली बसवलं. वर्ग हसला. ताई हसली नाही, आणि काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले की पोरांना काय कळतंय. ताई एवढंच म्हणाली की काका, पोरांसाठीच तर केलंय. साहेबांनी आणखी एकदा ऐकवायची मुभा दिली, आणि ती शेवटची असेल हेही बजावलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी घुश्शातच केर उघडला. आपण काय काय घाण काढली आहे ते ताईला एकदा ऐकवावं, म्हणजे तिला आपली किंमत कळेल, असा त्यांचा बेत होता. त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि मशिदीतला टाकलेला तुकडा सुरू केला.

इमामांचा आवाज आला, आणि त्यामागोमाग एक भली मोठी सळसळ. पुन्हा आवाज, पुन्हा सळसळ, मग शेकडो गुडघे नि तळवे एकाच वेळी सतरंजीला टेकल्याचा मऊ धप्प आवाज. हे त्यांनी 'कपड्यांचा गोंगाट' म्हणून कापलं होतं. रांगेतली सगळी माणसं एकदम वाकतात, ती वाकण्याची सळसळ होती ती. नमाज म्हणजे जे काही होतं त्यातलं निम्मं त्यांनी केरात टाकलं होतं, आणि मुलांना नुसती हाक ऐकवली होती. हाकेला ओ देऊन आलेली माणसं कापून टाकली होती.

मग त्यांना दम निघेना. त्यांनी एकेक तुकडा काढला. बौद्ध विहारात वाडग्यासारखी घंटा वाजल्यावर सगळे डोळे मिटून बसले होते, आणि ती शांतता काकांनी जवळजवळ सगळी छाटली होती, कारण रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं लोक समजतात. मंदिरात घंटेखाली एक पोरगं बापाला म्हणत होतं, अजून वर, अजून वर, आणि मग एक अर्धवट ठोका नि बापाचा सुस्कारा. सिनेगॉगमध्ये हाताने लिहिलेल्या गुंडाळीवरून एकजण वाचत होता. त्याचा एक उच्चार चुकला आणि चहूकडून म्हातारे त्याच्यावर ओरडले, त्याने निमूट तो शब्द पुन्हा म्हटला. गुरुद्वारात भजन संपल्यावर पंगतीत वाढप्याची घाई, ताटांचा खणखणाट, आणि कुणीतरी प्रेमाने रागावत होतं की पोटभर जेव, लाजतोस काय. काकांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर स्वच्छतेच्या नावाखाली आपण माणसं झाडून काढली, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांनी ताईला बोलावून सरळ सांगितलं.

ताईने बसून सगळं ऐकलं. मग तिने आपलं निवेदन काढलं आणि त्यातलं अर्धं खोडलं. जे पोरांना ऐकूच येणार आहे ते मी कशाला सांगू, असं म्हणाली. दोघांनी मिळून पाच भाग नव्याने बांधले. काकांनी घंटेचा तो सणसणीत ठोका स्वतःच्या हाताने केरात टाकला.

"चर्चच्या केरात काही नाही?" ताईने विचारलं.

"नाही. तिथे मुळात साफच होतं," काका म्हणाले. आवाजाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते.

घरी काकूंनी विचारलं की कधी लागणार. काका म्हणाले, अजून नक्की नाही. काकू म्हणाल्या की नक्की झालं की आधी सांगा, बहिणीला आदल्या दिवशीच बोलवायचं आहे, आणि तो निळा पडदा धुवायचा आहे. रेडिओवर यायचं तर पडदा कशाला धुवायचा, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

दुसऱ्यांदा वर्गात गेले तेव्हा खिडकीतल्या कडधान्यांना बोटभर कोंब आले होते. या वेळी ताईने हाताची घडी घालू दिली नाही. मशिदीतली सळसळ सुरू झाली तशी मागची रांग पुढे सरकली. हे काय आहे ते पोरांनीच ओळखायचं होतं. एकाने समुद्र म्हटलं, एकाने पडदा. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, जो मागच्या वेळी पेन्सिलीने लिहीत होता, तो उठून म्हणाला की हे आम्ही आहोत. मग त्याने सगळ्यांना सांगितलं की शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावायचा असतो, आणि आपल्या आधी कुणी वाकलं तर ते लगेच कळतं. एवढा वेळ त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नसावं. तो बसला तेव्हा त्याची छाती फुगली होती.

विहारातल्या शांततेला वर्ग आपोआप शांत झाला. एकाला उचकी लागली तेवढीच. सिनेगॉगमधले म्हातारे ओरडले तेव्हा पोरांनी बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनाच हसू आलं. घंटेपाशी उचलून घेतलेलं पोर तर त्यांनी तीनदा ऐकलं. प्रश्नांवर प्रश्न येत होते. एका ठिकाणी डोकं झाकायचं नि दुसरीकडे टोपी काढायची, असं का? देवाला सगळ्या भाषा येतात का? ताईला जे माहीत होतं ते तिने सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. पोरांना ते भलतंच आवडलं.

शेवटी चर्च लागलं. पुढच्या माईकवरचं गायकांचं गाणं, एकेक सूर घासूनपुसून ठेवलेला. खिडकीने हात वर केला.

"इथे परत कुणीच आलं नाही."

ताईने काकांकडे पाहिलं. तिच्या नजरेत रागबिग नव्हता. तिला सारं कळलं आहे, एवढंच काकांना कळलं. बाकांवरच्या माईकचं मूळ मुद्रण अजून त्यांच्या खांद्यावरच्या यंत्रात होतं. ते नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं तर सगळ्या वर्गाला हेच पटलं असतं की चर्चमध्ये माणसं येत नाहीत, आणि दुसऱ्या बाकावर पर्स ठेवून एकटी बसणारी ती एक बाई दर रविवारी तिथे असते हे कुणालाच कळलं नसतं. काकांनी कळ दाबली.

खोकले आले, पुस्तकांची पानं आली, ऑर्गन आला त्याच्या उतरलेल्या पट्टीसकट, आणि सगळ्यांच्या वर काकूंचा आवाज आला. वर्ग खो खो हसला. काकांनी खाली मान घातली. त्यांना वाटत होतं तेच झालं होतं, आणि ते वाटलं होतं त्याहून जास्त लागलं.

खिडकी हसत नव्हती, ती ऐकत होती. मग म्हणाली, "ही चुकतेय."

"हो," काका म्हणाले.

"मग हिला कुणी ओरडत कसं नाही? त्या दुसऱ्या ठिकाणी चुकलं की सगळे ओरडतात."

पेन्सिलवाला मुलगा म्हणाला की तिथे पुस्तकातला शब्द असतो, तो बरोबरच पाहिजे, नाहीतर अर्थ बदलेल. इथे हिचं स्वतःचं गाणं आहे. खिडकीने थोडा विचार केला आणि तिला ते पटलं.

"हिला देव खूप आवडत असणार," ती म्हणाली. "मला नाच येत नाही, तरी मी माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात सगळ्यात पुढे नाचले होते. परत लावा ना."

परत लावलं. या वेळी हसू आलं ते निराळं होतं, आणि शेवटच्या ओळीला अर्धा वर्ग काकूंबरोबर गात होता. सुरात कुणीच नव्हतं. मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली तरी कुणी उठलं नाही, आणि ताईने ती घंटा वाजत असतानाच्या वर्गाचं मुद्रण साहेबांना नेऊन ऐकवलं. प्रश्नमंजूषेचं नाव पुन्हा निघालं नाही.

चर्चचा भाग लागला त्या दिवशी निळा पडदा धुऊन जागेवर होता. बहीण आली होती, शेजारीण आली होती. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, कारण बसवत नव्हतं. आवाज आला तशी बहीण म्हणाली, हीच की गं तू, आणि शेजारणीने टाळी वाजवली. पूर्ण संपेपर्यंत काकू हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या.

पाहुण्या गेल्यावर कपबशा विसळता विसळता त्या म्हणाल्या, "केवढी बेसूर गाते मी."

"तसं काही नाही," काका म्हणाले.

"तुम्ही तरी असं म्हणू नका. मला काय माहीत नाही होय? पहिल्यापासून माहीत आहे." त्यांनी बशी पुसून ठेवली. "पूर्वी तुम्ही शेजारी असायचात. कोपर लागलं की मी वर यायचे. आता कुणी ढोसतच नाही, तर कळायचं कसं कुठे जायचं ते?"

काकांना वाटत आलं होतं की ते कोपर तिला जाचत असेल. आपण उठून गेलो त्याने तिची सुटका झाली असेल, असंही त्यांनी स्वतःला समजावलं होतं. त्यांनी पुसलेल्या बशा फळीवर रचल्या, आणि रचताना एकीचाही आवाज झाला नाही.

रविवारी ते यंत्र न घेता गेले. काकूंनी दुसऱ्या बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. आजूबाजूच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ऑर्गन सुरू झाला, उतरलेली पट्टी वाजली, काकांच्या दाढेत कळ आली. काकूंनी छाती भरून पहिली ओळ घेतली आणि दुसऱ्या ओळीला नेमक्या तिथेच घसरल्या, जिथे इतक्या वर्षांपूर्वी घसरत.

काकांनी कोपराने हळूच ढोसलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, खुदकन हसल्या, आणि होत्या तिथेच गात राहिल्या. मग काकांनी तोंड उघडलं, सूर सोडला, आणि काकू जिथे होत्या तिथे खाली उतरून त्यांच्याबरोबर गाऊ लागले.